साडेत्रेसष्ट अंश

संयोजकांनी विषय दिला आहे ‘सामाजिक धोरण आणि सार्वजनिक आरोग्य’. विषय इतका ऐसपैस आहे की त्यात काहीही बसवता येतं, आणि मग तासाभराने आपण सगळे ‘खरंय, गरिबी वाईटच’ म्हणत चहाला उठतो. ते टाळायचं म्हणून आज एकच शहर, एकच प्रभाग आणि मुख्यतः एकच आजार घेतो. शहर मुंबई. प्रभाग एम-पूर्व, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार. आजार टीबी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना प्रश्न तयार करायला वेळ मिळेल. या प्रभागातल्या टीबीचा बराच भाग नगरविकासाच्या नियमावलीने घडवला आहे, आणि आरोग्य खातं तो गेली वीस-पंचवीस वर्षं गोळ्या वाटून निस्तरत बसलं आहे.

या प्रभागात पुनर्वसनाच्या तीन वसाहती आहेत: नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्हींत राहणारी माणसं साधारण एकाच थरातली. नाका कामगार, घरकामाला जाणाऱ्या बाया, रिक्षावाले, भंगार वेचणारे, छोटे फेरीवाले. दवाखाने तेच, डॉट्सची, म्हणजे टीबीच्या गोळ्या देखरेखीखाली देणारी केंद्रं तीच, हवाही देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून येणारी तीच. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या तिन्ही वसाहतींत घरोघरी जाऊन टीबीची पाहणी केली. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी तिथे उजेड कुठवर पोचतो, वारा कसा खेळतो याचं गणित संगणकावर मांडलं. निष्कर्ष २०१८ मध्ये बाहेर आले. नटवर पारेख आणि लल्लूभाईत टीबीचं प्रमाण साधारण दहात एक, पीएमजीपीत शंभरात एक.

टीबी वाढला की आम्हा डॉक्टरांची उत्तरं ठरलेली असतात. लोक औषध मध्येच सोडतात, शिक्षण कमी, व्यसनं फार. पण ही तिन्ही कारणं तिन्ही वसाहतींत सारखीच आहेत, त्यामुळे या फरकापुढे ती लटकी पडतात. ठळक फरक बांधणीत आहे. पीएमजीपीच्या इमारती बुटक्या आहेत आणि त्यांच्यात मोकळी जागा आहे. बाकीच्या दोन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींना जवळजवळ खेटून उभ्या आहेत. मधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. अशा एका पाहणीने कार्यकारणभाव सोळा आणे सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. कोण कुठून आलं, येताना आजार घेऊन आलं का, हे प्रश्न उरतातच. पण दहापट फरक हा काही पाहणीतल्या चुकांनी पडत नाही.

ते तीन मीटर म्हणजे काय ते पाहायचं तर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, नटवर पारेखमधल्या दोन इमारतींच्या फटीत जाऊन उभं राहा. वर पाहिलं की आकाशाची एक पट्टी दिसते. तळमजल्यावरच्या खोलीत ट्यूबलाइट चालू असते. दिवसभर चालूच असते, आणि तिचं बिल त्या घराच्या माथी. खिडकी आहे, नाही असं नाही. नकाशात दाखवल्याप्रमाणे आहे. पण ती बंद आहे आणि वर फ्लेक्सचा तुकडा ठोकलेला आहे. कारण त्या फटीत वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, ड्रेनेजचे पाइप ठिबकतात, आणि सफाईवाला तिथे आत शिरायला तयार नसतो. खिडकी उघडली की उंदीर, डास आणि घाण आत येते. बंद ठेवली की खोकला आत राहतो. पालिकेची आरोग्य स्वयंसेविका घरी येते आणि तिला शिकवलेलं असतं ते इमानेइतबारे सांगते, “ताई, खिडकी उघडी ठेवत जा, हवा खेळू द्या.” अशाच एका ताईंनी काही न बोलता तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, फ्लेक्स बाजूला केला आणि बाहेरचं दाखवलं. स्वयंसेविकेने स्वतःच फ्लेक्स परत लावला. तीही तशाच एका इमारतीत राहत होती.

टीबीचा जंतू बोलताना, खोकताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म तुषारांतून पसरतो. बंद खोलीत हे तुषार कित्येक तास हवेत तरंगत राहतात. वारा खेळता असला तर ते विरळ होतात आणि थेट उन्हात जंतू मरतो. या दोन गोष्टी रॉबर्ट कॉकने १८८२ मध्ये जंतू शोधला त्याच्या थोड्याच वर्षांत माहीत झाल्या होत्या. आता सव्वादोनशे चौरस फुटांची खोली धरा, तीत पाच-सहा माणसं, एक खोकणारा. औषध सुरू होऊन परिणाम दिसेपर्यंतच्या आठवड्यांत त्या खोलीत जे व्हायचं ते होऊन जातं.

यात बेकायदेशीर काहीच नाही. बिल्डरने नियम मोडला असता तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. दंड झाला असता, कोर्टात केस गेली असती. इथे नियम पाळला आहे. १९९५ मध्ये युती सरकार आलं, झोपडीधारकांना मोफत घर देण्याची घोषणा झाली, अफझुलपूरकर समिती बसली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण जन्माला आलं. घर मोफत, पण त्याचे पैसे कोणी भरायचे? सरकारने सांगितलं, आम्ही नाही, जमिनीनेच भरावेत. म्हणजे बिल्डरने झोपडीधारकांना फुकट बांधून द्यायचं आणि बदल्यात विकायला जादा चटईक्षेत्र घ्यायचं, किंवा टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हस्तांतर करता येणारा हक्क, घेऊन शहरात दुसरीकडे वापरायचा. कागदावर हिशोब फार देखणा आहे. तिजोरीतून दमडी जात नाही, मतदाराला घर मिळतं, बिल्डरला नफा होतो. पण या हिशोबात पुनर्वसनाच्या इमारतीने व्यापलेला प्रत्येक मीटर हा विक्रीतून वजा होतो. मग पुनर्वसन कोपऱ्यात चेपलं जातं. चेपता यावं म्हणून विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१०) या कलमाखाली सवलती दिल्या गेल्या. इतर इमारतींना उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडावी लागते, इथे ती कमी चालते. आणि घनतेचा नियम तर वाचून पाहाच. दर हेक्टरी ‘किमान’ एवढे गाळे झालेच पाहिजेत असा तो आहे. आज हा आकडा ६५० आहे. गर्दीला कमाल मर्यादा घालणारे नियम आपल्याला ठाऊक असतात. इथे गर्दी किती तरी झालीच पाहिजे हे नियमाने ठरवलं आहे.

नटवर पारेख आणि लल्लूभाईत आलेली पुष्कळ कुटुंबं मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात उठवलेली आहेत. रेल्वेरुळांच्या कडेची वस्ती हटवली, लोकल गाड्या वेगाने धावू लागल्या. त्या लोकलमधून आपण सगळे जातो. जागतिक बँकेचा पैसा, एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाची देखरेख, सगळं रीतसर. रस्ते आणि लोहमार्ग यांचा लाभ शहरभर वाटला गेला आणि मोबदल्यातली दाटी एका प्रभागात गोळा झाली.

इथे नेहमी एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. ‘झोपडीपेक्षा तर बरंच ना?’ हो, काही बाबतींत नक्कीच बरं. घरात नळ आला, घरात संडास आला. पहाटे अंधारात रुळावर जाणाऱ्या बाईला या दोन गोष्टींचं मोल काय आहे हे मी तिला शिकवायला जाणार नाही. पावसाळ्यात घरात पाणी शिरत नाही, गाडीखाली पोर जाईल ही धास्ती नाही. या वसाहतींतल्या कोणाला विचारलं की परत रुळाकडेला जाल का, तर बहुतेक जण नाहीच म्हणतील. पण संडास हवा असेल तर ऊन सोडा, असा सौदा त्यांच्यापुढे कोणी ठेवला आणि तो ठेवायची गरज काय होती, हा माझा प्रश्न आहे. गरिबांना उजेडाचं घर परवडत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याच प्रभागात पीएमजीपी कॉलनी उभी आहे. तीही सरकारी योजनेतलीच, गरिबांसाठीच, आणि खोल्याही काही महाल नाहीत. फक्त ती बांधली तेव्हा मधल्या मोकळ्या जागेवर विक्रीचं गणित बसलेलं नव्हतं.

आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. मुंबईइतकं हे कोणाला ठाऊक असणार? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या काही महिन्यांत अर्धं शहर गाड्या भरभरून गावाकडे पळालं. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास असलेली मुंबई १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. व्यापार बसला, गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा कुठे सरकारला मजुरांच्या खोल्यांतली हवा आठवली. १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

या ट्रस्टने इमारतींसाठी एक मोजमाप वापरलं. खोलीच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर एक रेघ काढा. समोरची इमारत त्या रेघेच्या आत घुसता कामा नये, म्हणजे तळातल्या खोलीलाही आकाशाचा ठरावीक तुकडा मिळतो. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांमधल्या उजेड-वाऱ्यावर जाहीर व्याख्यान दिलं होतं. इंजिनिअर आणि डॉक्टर एकाच भाषेत बोलत होते असा तो दुर्मीळ काळ. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक आठवत असेल तर या कोनाचा टॅन जवळजवळ बरोबर दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी हवी. आता हे माप घेऊन आपल्या वसाहतीत जाऊ. चोवीस मीटर उंचीच्या इमारतीपुढे बारा मीटर मोकळे हवेत. आपण सोडले तीन. तीन मीटरच्या हिशोबाने समोर फार तर सहा मीटर उंचीची, म्हणजे दुमजली इमारत चालली असती. शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवादी सरकारच्या कसोटीलाही आपलं कल्याणकारी पुनर्वसन उतरत नाही.

ट्रस्टची भलामण करायचा माझा इरादा नाही, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तितकाच उपयोगाचा आहे. ट्रस्टने दाट वस्तीतून रस्ते काढले, समुद्राची हवा शहरात यावी म्हणून. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड त्यातूनच झाले. त्यासाठी खोल्या पाडल्या. पाडण्याच्या वेगाने बांधल्या नाहीत, आणि बांधल्या त्यांचं भाडं उठवलेल्यांतल्या बऱ्याच जणांना परवडणारं नव्हतं. ती माणसं शेजारच्या चाळींत घुसली आणि तिथली दाटी वाढली. दादर-माटुंग्याला मोकळ्या, आखीव वसाहती झाल्या. तिथे गेला तो पगारदार मध्यमवर्ग. म्हणजे ऊन-वाऱ्याचं शास्त्र सगळ्यांना ठाऊक होतं, पण ज्याची ऐपत त्याच्याच वाट्याला ते आलं.

त्याचा परिणाम १९२१ च्या आकड्यांत दिसतो. त्या वर्षी मुंबईत हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचे आकडे खोल्यांच्या संख्येनुसार काढले गेले. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांत ८२८. दोन खोल्यांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्यांत १३३. यातला पहिला आकडा फुगलेला आहे, कारण कोकणातल्या, घाटावरच्या मजूर बाया बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन परत येत. जन्माची नोंद गावात, मृत्यूची मुंबईत. तेवढा भाग वजा केला तरी पायरीपायरीने उतरणारी ही रांग शिल्लक राहते. पाहा, गरीब आणि श्रीमंत अशी दोनच टोकं इथे नाहीत. दोन खोल्यांवाल्याचं मूल एका खोलीवाल्यापेक्षा सुरक्षित आणि तीन खोल्यांवाल्यापेक्षा धोक्यात. आरोग्यातली विषमता जगभर अशीच पायऱ्यापायऱ्यांची असते. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास करणाऱ्या मायकेल मार्मट यांना हीच उतरंड कारकुनापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत दिसली होती, आणि ते सगळे पगारी, पोटभर जेवणारे लोक होते.

पोटाचा विषय निघाला तर टीबीच्या दुसऱ्या कारणाकडे वळतो. भारतात टीबी होण्यामागे सगळ्यात मोठा वाटा कुपोषणाचा आहे. ‘लोकांना सकस खा सांगा’ एवढ्यावर हे बरीच वर्षं थांबलं होतं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसोबत झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत ‘राशन्स’ नावाची चाचणी केली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णांना सगळ्यांनाच धान्याचा शिधा दिला. निम्म्या ठिकाणी घरातल्या बाकीच्या माणसांनाही दिला: माणशी महिना पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जोडीला जीवनसत्त्वं-खनिजांच्या गोळ्या. एवढंच. लस नाही, नवं औषध नाही. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी घटलं, आणि तपासणीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं जवळजवळ निम्म्यावर आलं. एखाद्या कंपनीने असं औषध काढलं असतं तर त्याच्या किमतीवरून मारामाऱ्या झाल्या असत्या.

आता आपलं धोरण बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळतं. तांदळाची बाजू झाली, डाळ त्या हक्कात नाही. २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. चांगली गोष्ट आहे. पण सुरुवात झाली ती रुग्णाच्या नावाने, आणि खाणारं तोंड घरात एक नसतं. पैसे बँकेत येतात. खातं, आधार, नाव यांचा मेळ बसेपर्यंत औषधाचा कोर्स अर्ध्यावर येतो. रेशनकार्ड जालन्याला आणि माणूस गोवंडीत अशी तऱ्हा असते. ‘एक देश एक रेशनकार्ड’ आल्यापासून यात फरक पडला आहे, पण दुकानदाराच्या मशीनवर अंगठा उमटला तर. गवंड्याचा, धुणंभांडीवालीचा अंगठा झिजलेला असतो.

कागदाचा मुद्दा पाण्यालाही लागू आहे. मुंबईत झोपडी कोणत्या तारखेच्या आधीची, यावर माणूस ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतो. आधी १ जानेवारी १९९५, मग २०००. ही तारीख घरासाठी होती. होता होता ती नळालाही लागू झाली. तारखेनंतरच्या वस्तीला पालिका पाणी देईना. ती माणसं पाण्यावाचून राहिली नाहीत, कारण तसं राहताच येत नाही. त्यांनी कॅनचं, टँकरचं, चोरून जोडलेल्या नळाचं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी चढ्या भावाने घेतलं, आणि गटाराशेजारून जाणाऱ्या प्लास्टिकच्या नळीतून जे काही आलं ते प्यायली. पाणी हक्क समिती कोर्टात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे पालिकेचं धोरण यायला मे २०२२ उजाडलं. मधल्या साडेसात वर्षांत जुलाब, कावीळ, टायफॉइडच्या केसेस दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंदवल्या गेल्या असतील. कारणाच्या रकान्यात ‘दूषित पाणी’ लिहितात. ‘१ जानेवारी २०००’ असं लिहायची सोय रजिस्टरमध्ये नाही.

हा सगळा इतिहास आज सांगायचं कारण धारावी. तिथे पुनर्विकासाचं काम सुरू झालं आहे. तळमजल्यावर २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं मोफत घर मिळायचं आहे. त्यानंतर आलेला, किंवा माळ्यावर राहणारा भाडेकरू, धारावीबाहेर जायचा आहे. कोणी पैसे भरून, कोणी भाड्याच्या घरात. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये राज्य सरकारने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची मिठागरं आणि देवनार डम्पिंग ग्राउंडची १२४ एकर जागा द्यायचं ठरवलं. देवनारला १९२७ पासून या शहराचा कचरा पडतो आहे. आधी तो हटवायचा आणि मग बांधायचं, असा बेत आहे. प्रभाग कुठला? एम-पूर्व. पुन्हा तोच.

या इमारतींचे सगळे नकाशे अजून पक्के झालेले नाहीत, म्हणून घाई करून बोलतोय. राज्याच्या नगररचना कायद्यात नियमावली बदलताना सूचना-हरकती मागवायची तरतूद आहे. वर्तमानपत्रात बारीक टाइपात नोटीस येते. बिल्डरांच्या संघटना हरकती घेतात, आर्किटेक्ट घेतात, सोसायट्या घेतात. मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनआरोग्य विभागांपैकी कोणी इमारतींमधल्या अंतरावर लेखी हरकत दिली, असं निदान माझ्या कानावर आलेलं नाही. या सभागृहात डॉक्टर बरेच दिसतात. मजकूर अवघड नाही: पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेची सूट नको, घनतेला किमान नव्हे तर कमाल मर्यादा घाला, आणि तळमजल्याच्या खोलीत दुपारी किती उजेड पडेल याचं गणित नकाशासोबत जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नका. गणित करायला आयआयटी पवईला आहे. साडेत्रेसष्ट अंशांवर अडून बसायचीही गरज नाही. दुसरं कुठलं माप आणा, पण माप आणा. पुढची नोटीस आली की मी संयोजकांकडे पाठवीन. त्यांच्याकडे तुमचे नंबर आहेत.